एक वजा साइन वर्ग

मॅट्रिकला मुलींनी बीजगणित आणि भूमिती घेतलीच पाहिजे, अशी सक्ती त्या काळी नव्हती. साताऱ्याला आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलींनी हे विषय सोडले होते. मी सोडले नाहीत, कारण दादानं सोडू दिले नाहीत.

दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, तरी घरात मला सगळे आक्काच म्हणत. आमचं गाव कृष्णाकाठचं. ताकारी स्टेशनावर उतरून बैलगाडीनं तासभर जावं लागे. घरचा ऊस होता, दोन विहिरींचं पाणी होतं. आबा पहिल्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आले होते. लिहिता-वाचता येणाऱ्या शिपायाला साहेब वेगळा वागवतो, हे त्यांनी तिथं पाहिलं आणि पोरांना शिकवायचंच असं मनाशी धरून ते परतले. म्हणून दादा सांगलीच्या कॉलेजात गेला आणि मी साताऱ्याला मावशीच्या घरी राहून शाळेत जाऊ लागले. पोरीला बाहेरगावी ठेवली म्हणून भावकीनं आबांना बरंच ऐकवलं. आबांनी मला परत आणलं नाही.

एकेचाळीसच्या उन्हाळ्यात आम्ही दोघंही सुट्टीला घरी आलो. दादाचं पहिलं वर्ष संपलं होतं आणि त्याला त्रिकोणमितीचं वेड लागलं होतं. दुपारची जेवणं झाली की तो मला सोप्यात पोत्यावर बसवायचा. मांडीवर पाटी घ्यायचा. साइन म्हणजे काय, कॉस म्हणजे काय, हे त्यानं मला काटकोन त्रिकोण काढून एका दुपारी समजावलं. दुसऱ्या दिवसापासून अपूर्णांक सुरू झाले. पहिला अजून आठवतो. वर एक, खाली एक वजा साइन. हा सोपा करून दाखव, म्हणाला. मी बराच वेळ बघत बसले. काही कापता येत नव्हतं, काही काढता येत नव्हतं.

मग त्यानं छेदाचा जोडीदार आणायला सांगितलं. इंग्रजी पुस्तकात त्याला वेगळा शब्द होता, दादा जोडीदारच म्हणायचा. एक वजा साइनचा जोडीदार एक अधिक साइन. त्यानं वरही गुणायचं, खालीही गुणायचं, म्हणजे अपूर्णांकाची किंमत बदलत नाही. खाली एक वजा साइनचा वर्ग झाला. हे मला शाळेच्या बीजगणितातूनच येत होतं.

"आता हितं थांब," दादा म्हणाला. "साइनचा वर्ग आनि कॉसचा वर्ग मिळून एक. मग एकातनं साइनचा वर्ग गेला की काय ऱ्हायलं?"

"कॉसचा वर्ग," मी म्हणाले.

तो हसला. त्यानं खालची सगळी रांग हाताच्या पंजानं पुसली आणि तिथं कॉस वर्ग एवढंच लिहिलं. खालची वजाबाकी गेली आणि एकटी एक राशी उरली. मला ती जादूच वाटली. त्या सुट्टीत मी शंभरेक अपूर्णांक सोडवले असतील. आई चुलीपुढून हाका मारायची, भाकरी थापायला ये म्हणायची. दादा तिला सांगायचा, की ती एक भाकरी मी कमी खातो, पण हिला उठवू नकोस.

जूनमध्ये तो कॉलेजात परत गेला नाही. कराडला भरती आली होती. तोफखान्याला मोजणी करणारी माणसं हवी होती, तोफ कुठं आहे आणि निशाण कुठं आहे हे कोन मोजून काढणारी. त्यासाठी गणित येणारी पोरं पाहिजेत, हे ऐकून दादा बघायला म्हणून गेला आणि नाव लिहूनच आला. आबांनी फेटा नीट बांधला आणि ते गावात चक्कर मारून आले. आई दोन दिवस जेवली नाही.

दादाची पत्रं आधी देवळालीहून आली, मग आणखी लांबून. गावाचं नाव पत्रात लिहायचं नसे. पत्र आबांच्या नावानं असलं तरी शेवटी माझ्यासाठी एक गणित असायचंच. आबा तेवढा भाग कात्रीनं कापून साताऱ्याला मला पाठवायचे. मी सोडवून परत धाडायची. जायला-यायला दीड-दोन महिने लागत. एकदा त्यानं असं घातलं, की कॉस छेद एक वजा साइन यातून एक अधिक साइन छेद कॉस वजा कर. मी वर-खाली जोडीदारानं गुणलं, नित्याप्रमाणं कॉसचा वर्ग आणला, एक कॉस कापला, तर उत्तर शून्य. मी तीनदा केलं. तिन्ही वेळा शून्य. शेवटी घाबरतच शून्य लिहून पाठवलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. शून्यच येतं, आणि तीनदा केलंस हे मला इथून दिसतंय, असं त्यानं लिहिलं होतं. मी पत्रात तीनदा केल्याचं कुठंही लिहिलं नव्हतं.

लढाईतली पत्रं तपासून मगच पुढं जातात, हे आम्हाला ठाऊक होतं. एकदा दादानंच गंमत म्हणून कळवलं, की आमच्या साहेबाला ही गणितं कळतात, तो हसून सही करतो आणि सोडून देतो. दुसरा कुणी असता तर हे गुप्त निरोप आहेत असंच समजला असता.

त्रेचाळीसच्या मार्चमध्ये मी मॅट्रिकला बसले. पेपर चांगले गेले. जूनमध्ये सांगलीला कॉलेजात नाव घालायचं, दादा ज्या बाकांवर बसला त्या बाकांवर बसायचं, असं मी मनात धरून होते. चैत्रात गावी आले तर घरात वेगळंच चाललं होतं. सांगलीहून स्थळ आलं होतं. मुलगा संस्थानच्या बांधकाम खात्यात ओव्हरसीअर, घर सुस्थितीतलं, माणसं समजूतदार. शिकलेल्या मुलीला आपल्यात एवढा शिकलेला मुलगा पुन्हा मिळणार नाही, असं मावशीनंही आबांना सांगितलं होतं. मी आबांसमोर जाऊन उभी राहिले. मला पुढं शिकायचं आहे, हे त्यांना सांगितलं.

आबांना राग आला नाही. त्यांनी बराच विचार केला आणि हे आपण दादाला विचारू, म्हणाले. कॉलेज त्यानं बघितलंय, ते पोरीला झेपंल का न्हाई, हे त्योच सांगंल. तो हो म्हणाला तर मी सांगलीकरांना थांबवतो. त्याच दिवशी माझ्यादेखत त्यांनी पत्र लिहिलं. मला वाटलं, झालं काम. दादा काय म्हणणार, हे मला माहीत होतं.

चैत्र गेला. वैशाख निम्मा गेला. पत्र आलं नाही. डाकवाला आठवड्यातून दोनदा यायचा. मी पाणंदीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. तो लांबूनच मान हलवायचा. सांगलीहून निरोपावर निरोप येत होते. ज्येष्ठ संपला की मुहूर्त नाहीत, आणि मुलाच्या आजोबांचं वय झालेलं. शेवटी आबा म्हणाले, "त्याचं काय म्हननं असतं तर कळवलं असतं त्यानं. गप ऱ्हायलाय म्हंजी कबूल हाय." सुपारी फुटली.

मला आबांचा राग आला नाही, दादाचा आला. दर पत्रात गणित घालायला याला सवड होते आणि एक ओळ लिहायला होत नाही. लढाईवरचा माणूस, त्याला काय झालं असेल, हे माझ्या मनात आलं नाही असं नाही. पण त्या महिन्यात त्याचं एक छोटं कार्ड आलं होतं, खुशाल आहे एवढंच लिहिलेलं. त्यात माझ्या कॉलेजाबद्दल अवाक्षर नव्हतं. आपण उत्तर आधीच धाडलंय, ते पोचलं असेल, अशा समजुतीनं त्यानं ते लिहिलं असणार. हे आज कळतं. तेव्हा मी ते कार्ड हातात घेऊन परसात गेले आणि तिथंच बसून त्याला पत्र लिहिलं. दोन ओळींचं. तू गप्प बसलास, त्याचा अर्थ मला कळला. यापुढं मला गणितं धाडू नकोस.

ते पत्र मी स्वतः डाकवाल्याच्या हातात दिलं.

लग्न झालं. सांगलीचं घर वाईट नव्हतं. सासूबाई कडक होत्या, पण अन्याय करणाऱ्या नव्हत्या. नवरा बोलायला कमी, कामावरून आला की नकाशे उलगडून बसायचा. मी त्या नकाशांवरचे कोन बघायची आणि तोंड फिरवायची.

श्रावणात पंचमीला मी माहेरी आले. लग्नानंतरची पहिली पंचमी. गाडीतून उतरले तेव्हा आबा दारातच होते. त्यांनी मला आत येऊ दिलं, पाणी पिऊ दिलं आणि मग कोनाड्यातून एक पाकीट काढून माझ्यापुढं ठेवलं.

"परवा आलंय," ते म्हणाले. "जाळून टाकनार हुतो मी. पर त्ये तुजं हाय."

दादाचं पत्र होतं, आबांच्या चैत्रातल्या पत्राला दिलेलं उत्तर. पाकिटावर शिक्क्यांवर शिक्के होते आणि बाजू फाडून पुन्हा चिकटवलेली होती. आत एकच कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, आणि मधोमध कापून काढलेला मोठा चौकोन. कापलेल्या कडेला 'एक अधिक' एवढी अक्षरं उरली होती. म्हणजे गणित होतं. ते कुणाच्या तरी डोळ्याला खुपलं, पत्र अडकून पडलं आणि शेवटी गणित कापून पुढं सोडलं गेलं. पण कागदाला दोन बाजू असतात. गणित कापताना पाठीमागचं लिखाणही गेलं होतं. मी कागद उलटा केला. आक्काचं लग्न एवढ्यात ठरवू नका, असं वर स्वच्छ लिहिलं होतं. तिला जूनमध्ये सांगलीच्या कॉलेजात घाला, मी सुट्टी काढून येतो आणि पाहुण्यांशी बोलतो. मग खाली 'ती माझ्यापेक्षा' असे दोन शब्द, आणि पुढं भोक. भोकाच्या पलीकडं ओळ संपलेली.

ती माझ्यापेक्षा काय, हे मला कधीच कळलं नाही.

आबा भिंतीला टेकून बसले होते. मी कागद घडी करून पाकिटात परत घातला. आईनं त्या दिवशी वारुळाला जायला बायका बोलावल्या होत्या. मी त्यांच्याबरोबर गेले आणि भावाचा उपास सोडला.

त्यानंतर मी दादाला लगेच लिहायला हवं होतं. आबांनी लिहिलं. पत्र उशिरा पोचलं, लग्न होऊन गेलं, असं कळवलं. त्यावर दादाचं उत्तर आलं, की ठीक झालं, माणसं चांगली असली म्हणजे झालं. आक्का बरी आहे का, असं शेवटी विचारलं होतं. गणित नव्हतं. मी नको म्हटलं होतं म्हणून, की मागचं कापलं गेलं म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता. मी सांगलीला कागद घेऊन बसायची. काय लिहायचं ते मनात तयार असायचं. पहिली ओळ लिहिली की लाज वाटायची आणि कागद फाडून टाकायची. दिवाळीनंतर लिहू, संक्रांतीला तिळगूळ पाठवताना लिहू, असं करत गेले. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात तार आली. गोळा जवळ पडून दादाच्या डोक्याला मोठी जखम झाली होती. जिवंत होता.

जवळजवळ वर्षभर तो निरनिराळ्या इस्पितळांत होता. शेवटी आबा पुण्याला जाऊन त्याला घेऊन आले. मी दिवाळीला गेले तेव्हा तो सोप्यात घोंगड्यावर बसला होता. डोक्याची डावी बाजू खोल गेलेली, तिथं केस आले नव्हते. डावा हात मांडीवर तसाच पडलेला. त्यानं मला बघितलं आणि "आक्का," म्हणाला. मला इतकं बरं वाटलं, की मी तिथंच खाली बसले. मग तो म्हणाला, "साताऱ्यासनं कवा आलीस?" माझ्या गळ्यात मंगळसूत्र होतं. आई पाठीमागून हळूच म्हणाली, की त्याला मधलं मधलं आठवत नाही.

त्याची फौजेतली पेटी आली होती. आईनं ती उघडली नव्हती. ती मला उघडायला लावली. कपडे, आरसा, एक तुटकी कंपासपेटी आणि कातडी पाकिटात काही पत्रं. माझं दोन ओळींचं पत्र त्यात होतं. ते इतक्यांदा उघडून मिटलं होतं, की घड्यांवर चिरलं होतं. त्याला ते पोचलं नसेल, अशी एक आशा मी वर्षभर धरून होते.

ते अडकून पडलेलं पत्र मी सांगलीला नेलं होतं. एका रविवारी नवऱ्यानं ते माझ्या हातात पाहिलं. मी सगळं सांगितलं. त्यानं पाकीट उजेडाकडं धरून एकेका शिक्क्याची तारीख वाचली. एका ठिकाणी महिना, दुसऱ्या ठिकाणी पाच आठवडे. मग पाकीट परत दिलं आणि म्हणाला, "हे वेळेवर यायला हवं होतं." वेळेवर आलं असतं तर मी त्याच्या घरात नसते, हे त्याला कळत होतं. तरी तो तसं म्हणाला.

पंचेचाळीसमध्ये पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले आणि चार महिने राहिले. मुलगी झाली. दादाला ती फार आवडायची. उजव्या हाताचं एक बोट तिच्या मुठीत देऊन तो तासन्‌तास बसायचा. पाटाचं पाणी वळवणं, म्हशीला वैरण टाकणं, अशी कामं त्याला जमू लागली होती. बोलणंही बरंच सुधारलं होतं. मला वाटू लागलं, की एकेक करून सगळंच परत येईल. एका सकाळी मी कागद-पेन्सिल घेऊन त्याच्यापुढं बसले. वर एक, खाली एक वजा साइन, असं लिहिलं आणि कागद त्याच्याकडं सरकवला.

त्यानं कागदाकडं बघितलं. चेहरा बदलला. कुणी ओळखीचं दारात आल्यासारखा तो पुढं वाकला, पेन्सिल घेतली आणि वर-खाली एक अधिक साइननं गुणलं. मी आईला हाक मारली. दादानं खाली लिहिलं, एक वजा साइन वर्ग. अक्षर पूर्वीचंच, गोल आणि ठसठशीत. आता तो कॉस वर्ग लिहिणार होता.

त्यानं लिहिलं नाही. त्यानं एक वजा साइन वर्गाचा जोडीदार आणला. वर-खाली एक अधिक साइन वर्गानं गुणलं. खाली आलं एक वजा साइनचा चौथा घात. मग त्याचा जोडीदार. आठवा घात. मग सोळावा. वरच्या बाजूला कंसांची रांग वाढत चालली, त्यानं कागद आडवा धरला, ओळ वळवून खाली आणली. बत्तिसावा घात. एकही ओळ चुकली नव्हती. मी प्रत्येक ओळ तपासत होते आणि प्रत्येक ओळ बरोबर होती.

"दादा," मी म्हणाले, "ह्ये दुसऱ्या ओळीतलं कॉस वर्ग न्हवं का?"

"का?" त्यानं विचारलं.

मी त्रिकोण काढला. ज्या शब्दांत त्यानं मला समजावलं होतं त्याच शब्दांत त्याला समजावलं. तो मन लावून ऐकत होता. व्हय, व्हय, म्हणत होता. मी परत वर एक, खाली एक वजा साइन लिहिलं. त्यानं परत गुणलं, एक वजा साइन वर्ग लिहिलं, क्षणभर थांबला. त्याच्या कपाळाची शीर उठली. मग त्यानं जोडीदार आणला.

असं आठ दिवस चाललं. रोज मी समजवायची, रोज तो व्हय म्हणायचा. आठव्या दिवशी मी रडले. त्याच्यासमोर रडायला नको होतं. त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि डोकं धरलं. आपलं काही चुकलंय हे त्याला कळलं, काय चुकलंय ते कळेना. आबा गोठ्यातून आले, म्हणाले, "आता पुरं कर, आक्का." मी कागद गोळा केले. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच कागद मागायला आला.

तेव्हापासून मी त्याला शिकवलं नाही. नुसता कागद द्यायची आणि बाळाला पाजत त्याच्याजवळ बसायची. सासरी जायच्या आदल्या दिवशी मी त्याला ते सांगून टाकलं. मी तुला वाईट पत्र लिहिलं होतं, दादा. तू गप्प बसलास असं मला वाटलं होतं. तो लिहिता लिहिता थांबला.

"कवा?" म्हणाला.

मी सगळं सांगितलं. स्थळ, चैत्रातलं पत्र, भोक, सगळं. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"मग कालेजात गेलीस न्हवं तू?"

"न्हाई गेले."

"आता जा की मग," तो म्हणाला. "मी आबास्नी सांगतो."

आणि खरंच उठून आबांकडं गेला. आबा अंगणात दोर वळत होते. त्यांनी दोर खाली ठेवला, त्याचं ऐकून घेतलं आणि बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसले तेव्हा दादाला त्यातलं काही आठवत नव्हतं. साताऱ्याला नीट जा, म्हणाला.

सांगलीला आल्यावर मी कॉलेजाचा विषय काढून पाहिला. नवऱ्याची ना नव्हती. सासऱ्यांनी नकारार्थी मान हलवली, आणि तान्ही मुलगी मांडीवर असताना मलाही फार रेटवेना. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पुढच्या वर्षी मला पुन्हा दिवस गेले होते. नवऱ्यानं मात्र एक केलं. त्याच्या कचेरीत जुने अंदाजपत्रकाचे कागद रद्दीत निघत, एका बाजूला कोरे. त्या दिवसांत कागद मिळत नव्हता. दर दोन-तीन महिन्यांनी तो त्याचा गठ्ठा बांधून माणसाबरोबर गावी पाठवायचा. कुणासाठी ते त्यानं मला कधी सांगितलं नाही. आईच्या निरोपातून मला कळलं.

एकोणपन्नासच्या पावसाळ्याआधी दादा गेला. अधूनमधून त्याला फेफरं येई. दिवसाउजेडी, उसाला पाणी पाजताना आलं आणि तो पाटात तोंडघशी पडला. वीतभर पाणी. आबा पलीकडच्या बांधावर होते. पाणी वळलं नाही म्हणून ते बघायला गेले.

माझा धाकटा मुलगा आजारी होता, म्हणून त्याआधी वर्षभर मी माहेरी गेले नव्हते. तेराव्यानंतर माणसं पांगली, तशी आईनं मला आतल्या खोलीत नेलं आणि फौजेतली ती पेटी पुढं ओढली. झाकण बसत नव्हतं, दोरीनं बांधलं होतं. आत कागद होते. अंदाजपत्रकाचे, मागच्या बाजूनं शिसपेन्सिलीनं भरलेले, लुगड्याच्या चिंध्यांनी गठ्ठे बांधलेले. रोज न्याहारी झाली की बसायचा, आई म्हणाली. एक कागद भरला की तिच्या हातात द्यायचा. आक्का आली की तपासंल, म्हणायचा.

मी दोन दिवस ते कागद बघत होते. एकूण एक बघितले. कुठं तरी, कधी तरी, एखाद्या सकाळी त्याला दिसलं असेल, असं वाटत होतं. चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. काही कागदांवर तो एकशे अठ्ठाविसाव्या घातापर्यंत गेला होता. काही ठिकाणी एक वजा साइन वर्गानंतर पेन्सिल टेकवून ठेवल्याची खूण होती, कागद तिथं खोल गेला होता. पुढं जोडीदारच होता. कॉस वर्ग कुठंही नव्हता.

आई समोर बसून माझ्याकडं बघत होती. तिला अक्षर येत नव्हतं. शेवटचा गठ्ठा मी खाली ठेवला तेव्हा तिनं विचारलं, "बरूबर हायती का समदी?"

"व्हय, आई," मी म्हणाले. "समदी बरूबर हायती."

तिनं मान डोलावली, गठ्ठे एकेक करून पेटीत रचले आणि दोरी बांधताना गाठीवर मला बोट धरायला सांगितलं.